जोन रेन मेली नव्हती

शरयू देवस्थळींनी आयुष्याची एकतीस वर्षं दुसऱ्यांचं अक्षर वाचण्यात घालवली. कोल्हापूरच्या सरकारी दप्तरखान्यात त्या मोडी वाचायच्या. कुणाचा विहिरीच्या पाण्यावरून तंटा, कुणा पाटलाचं गाऱ्हाणं, कुणाच्या देवळातल्या मानापानाची भांडणं, असं काय काय त्यांच्या टेबलावर येऊन पडायचं आणि त्या ते बाळबोधीत उतरवून द्यायच्या. लोकांना वाटायचं, किती रुक्ष काम. शरयूताईंना मात्र ऑफिसात रोज कुणीतरी येऊन भांडून जातंय आणि आपण मजेत ऐकतोय असंच वाटायचं.

यजमान जाऊन पाच वर्षं झाली होती. त्या निवृत्त झाल्या आणि वर्षभरात ग्रीन कार्डही आलं. एकुलती एक लेक नेत्रा नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहायची, औषधांच्या कंपनीत कामाला होती. आईनं कायमचंच यायचं, असं तिनं आधीपासून ठरवून टाकलं होतं. शरयूताईंनी दोन बॅगा भरल्या, शेजारणींना पत्ता दिला आणि निघून आल्या. सुरुवातीला मैत्रिणी फोनवर फार हळू आवाजात बोलायच्या. 'बरी आहेस ना गं?' हा प्रश्न तर अशा सुरात यायचा, की शरयूताईंना वाटायचं, आपल्या फोटोला हार घातलाय की काय यांनी.

तशा त्या बऱ्याच होत्या. पण कॅरीतल्या घरात सकाळी आठनंतर चिटपाखरू नसायचं. नेत्रा आणि जावई शंतनू आपापल्या गाड्यांतून कामाला जायचे, आठ वर्षांची आन्या पिवळ्या बसमधून शाळेत. मग शरयूताई मिळेल ते वाचायच्या. नाश्त्याच्या सीरियलचे डबे वाचून झाले. वसाहतीच्या समितीची, म्हणजे एचओएची, शंतनूला आलेली पत्रंही वाचून झाली. एका पत्रात गवत वाढल्याची तक्रार होती, दुसऱ्यात टपालपेटीच्या रंगाची. शंतनू वैतागून ती पत्रं कचऱ्यात टाकायचा आणि शरयूताई ती बाहेर काढून, सुरकुत्या सारख्या करून, पुन्हा वाचायच्या. तक्रार कुठलीही असो, तिच्यात माणूस दिसतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

नेत्रानं हे दोन-तीनदा पाहिलं. आपण आईला इथं आणून तिचं काय करून ठेवलं, असं तिला वाटू लागलं. गावातल्या लायब्ररीच्या फलकावर तिला एक कागद दिसला: जवळच्या विद्यापीठाला जुनं हस्ताक्षर वाचण्याची आवड असलेले स्वयंसेवक हवे होते. तिनं खाली आणखी काहीही न वाचता आईचं नाव देऊन टाकलं. तेवढाच तिचा टाइमपास होईल, असा तिचा हिशेब.

पहिल्या शुक्रवारी शरयूताई विद्यापीठाच्या लायब्ररीच्या तळघरातल्या खोलीत जाऊन बसल्या तेव्हा त्यांना कळलं, की अक्षर इंग्रजांचं आहे, भाषा लॅटिन आहे आणि कागद सहाशे वर्षांहून जुना आहे. म्हणजे कागद तरी कुठला, चामड्यावरच्या लिखाणाचे संगणकावरचे फोटो. प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. रूथ एलिसन यांनी समजावून सांगितलं. त्या काळी बिशपचा माणूस आपल्या मुलखातल्या खेड्याखेड्यांत फिरायचा. प्रत्येक गावात चार-पाच जाणत्यांना शपथ घालायचा आणि विचारायचा, तुमच्या चर्चमध्ये, तुमच्या गावात, काय बिघडलंय? लोक सांगायचे आणि सोबतचा कारकून भराभर लिहून घ्यायचा. अशाच एका फेरीची ही वही होती. टेबलाभोवती बसलेले सातजण ती थोडी थोडी वाचून टाइप करत होते.

शरयूताईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, मला लॅटिनचं अक्षरही येत नाही. डॉ. रूथ म्हणाल्या, बसा तर खरं.

त्या बसल्या. समोरच्या पडद्यावर काळ्या काड्यांची रांगच्या रांग होती. कुठला एन, कुठला एम, कुठला यू, काही पत्ता लागत नव्हता. शब्द अर्धेच लिहिलेले आणि वर एक फटकारा मारून सोडून दिलेले. बाजूला बसलेली नवी मुलगी तर डोळे चोळू लागली. शरयूताईंना मात्र आपल्या गल्लीत शिरल्यासारखं वाटलं. मोडी लिहिणारा तरी काय वेगळं करतो? हात उचलायचा कंटाळा, जागा वाचवायची घाई, 'राजश्री'चा नुसता 'रा' लिहून पुढं दोन काठ्या मारल्या की झालं. हाही तसलाच घाईतला कारकून आहे, त्यांनी मनाशी म्हटलं. या आठवड्यात चार गावं केलीत, पाय दुखतायत, आणि समोरचे लोक बोलायचे थांबत नाहीयेत.

लॅटिन त्या पुढं शिकल्या, रीतसर, वही घालून. शाळेत पाठ केलेलं संस्कृत अचानक कामाला आलं. इथंही विभक्त्या होत्या, इथंही क्रियापद जाऊन शेवटी बसायचं. आई म्हणजे मातेर, सात म्हणजे सेप्टेम. स्वतःच्या बळावर वाचलेला त्यांचा पहिला शब्द होता 'विदुआ'. कुणा मार्जरी नावाच्या बाईच्या नावापुढं तो लिहिला होता. शरयूताईंनी तो दोनदा वाचला आणि शब्दकोश न उघडताच त्यांना कळलं. विधवा. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढची ओळ घेतली.

आणि मग ती गावं बोलायलाच लागली. एका गावच्या लोकांनी सांगितलं, आमच्या पाद्रीबुवांची वासरं दफनभूमीत चरतात, आणि प्रेत घेऊन जाताना खांदेकरी शेणावरून घसरतात. दुसऱ्या गावात छपराचं भांडण होतं. पाऊस पडला की पूजा सांगणाऱ्याच्या डोक्यावर थेंब पडायचे. लोक म्हणत, तेवढा भाग पाद्रीबुवांनी शाकारायचा. पाद्रीबुवा म्हणत, माझा भाग कोरडा आहे, तुमच्या भागातून पाणी इकडं येतं. एका गावात घंटा वाजवणारा झोपून राहायचा. एकीकडं पाद्र्याची तक्रार होती की बायका प्रवचनात बोलतात, आणि बायकांच्या वतीनं कुणीतरी सांगितलेलं होतं, की पाद्रीबुवा इतके पुटपुटतात, की बोललं काय आणि नाही बोललं काय. शरयूताई हे जेवताना घरी सांगायच्या. शंतनू हसून हसून वाटी खाली ठेवायचा. ही तर शुद्ध एचओए आहे, असं तो म्हणाला. आन्याला वासरांची गोष्ट इतकी आवडली, की तिनं ती शाळेत जाऊन सांगितली आणि बाईंनी घरी चिठ्ठी पाठवून विचारलं, हे नक्की कुठलं पुस्तक?

गटातले सगळ्यांत जुने स्वयंसेवक होते फ्रँक डोंब्रोव्स्की. त्र्याहत्तर वर्षांचे, उंच, पाठीत जरा वाकलेले. अडतीस वर्षं त्यांनी पोस्टात नोकरी केली होती, निम्मी पत्रं वाटण्यात आणि निम्मी न लागणारे पत्ते लावण्यात. कुणाचंही कोंबडीचे पाय उमटल्यासारखं अक्षर असो, फ्रँक ते वाचायचे. शरयूताईंचं आणि त्यांचं पहिल्या महिन्यातच जमलं. बस चुकली की फ्रँकच त्यांना आपल्या पिकअप ट्रकमधून घरी सोडायचे. वाटेत आपल्या नातवंडांविषयी, गुडघ्याविषयी आणि बऱ्याचदा जोन रेनविषयी बोलायचे.

जोन रेन हे फ्रँकचं खास माणूस. वहीतल्या हॅदरविक नावाच्या गावच्या पानावर ती होती आणि शरयूताई येण्याच्या चार वर्षं आधी फ्रँकनी तिला वाचून काढलं होतं. जोननं चर्चच्या अंगणात, सगळ्यांदेखत, गिरणीवाल्याच्या बायकोला कोंबडीचोर म्हटलं होतं. शिवाय अजून दोन शब्द वापरले होते, जे कारकुनानं अदबीनं गाळले. बिशपच्या माणसासमोर हजर राहून माफी माग, असा तिला हुकूम झाला. पण तिच्या नावापुढं समासात एकच शब्द होता: 'ओबिइत'. वारली. हजर होण्याआधीच बिचारी गेली. फ्रँकना त्याची फार हळहळ वाटली होती. त्यांनी आपल्या चर्चच्या मासिकपत्रिकेत 'हॅदरविकची जोन' म्हणून छोटा लेख लिहिला होता आणि दर नोव्हेंबरात, मेलेल्या माणसांची आठवण काढतात त्या रविवारी, ते तिच्या नावानं एक मेणबत्ती लावायचे. तिचं दुसरं आहे कोण, असं म्हणायचे.

दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत डॉ. रूथनी सगळ्या वहीची शेवटची तपासणी काढली. एकानं वाचलेलं पान दुसऱ्यानं नव्यानं वाचायचं. हॅदरविकचं पान शरयूताईंच्या वाट्याला आलं.

तपासणीची त्यांची रीत ठरलेली होती. दप्तरखान्यात त्यांना शिकवलेलं, आधी कारकून ओळखा, मग कागद वाचा. त्यांनी या कारकुनाची अक्षरं एका मोठ्या कागदावर चिकटवून ठेवली होती. हा त्याचा ए सकाळचा, हा संध्याकाळचा, हा हात गारठलेला असतानाचा. त्याचा ओ गोल आणि बंद असायचा. ए-सुद्धा जवळजवळ गोलच, पण उजव्या पायाशी एक बारीकशी शेपटी. घाई असली तरी ती शेपटी तो कधी सोडत नसे. शरयूताईंनी समासातला शब्द मोठा केला. शेपटी होती. फिकट होती, चामड्याच्या सुरकुतीत अर्धी बुडाली होती, पण होती.

ओबिइत नव्हे. अबिइत. निघून गेली.

कुणीतरी आपल्याला खांद्याला धरून हलवलंय, असं त्यांना झालं. पण एका शेपटीवर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे त्यांना नोकरीतल्या अनुभवानं ठाऊक होतं. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. पुढचे तीन शुक्रवार त्या पुढच्या गावांची पानं वाचत राहिल्या. निघून गेली तर गेली कुठं?

सहाव्या गावात ती सापडली. गावाचं नाव लिटल ऑर्मबी. हॅदरविकनंतर नऊ दिवसांनी बिशपचा माणूस तिथं पोचला होता. तिथल्या पाद्र्याला एक शंका होती. थॉमस नावाच्या सुताराच्या घरी मूल जन्मलं, ते इतकं अशक्त, की घटकाभर टिकेलसं वाटेना. पाद्रीबुवा तेव्हा गावात नव्हते. मग सुईणीनंच पाणी शिंपडून, घरच्या बोलीत, मुलाला बाप्तिस्मा दिला. आता ते चालतं का? सुईणीला बोलावलं. तिनं जे म्हटलं होतं ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. शब्द बरोबर होते. बिशपच्या माणसानं मान्य केलं. आणि शेवटी कारकुनानं लॅटिनमधले दोनच शब्द लिहिले होते: मूल जिवंत आहे.

सुईणीचं नाव लिहिलं होतं, जोन, 'अलीकडेच हॅदरविकहून आलेली'. आडनाव मात्र आधीच्या वाचकानं 'वर्म' असं लावलं होतं. शरयूताईंनी त्या उभ्या काड्या बोटानं मोजल्या. त्यांचा कागद काढला. पुन्हा मोजल्या. रेन आणि वर्म, इंग्रजीत दोन्हींची सुरुवात डब्ल्यूनंच; पुढं कुठलं अक्षर आधी आणि शेवटी काड्या किती, एवढाच प्रश्न. आर आधी होता, ई नंतर, आणि शेवटी दोनच काड्या, म्हणजे एम नव्हे, एन. रेन.

आनंद झाला, तो त्यांना लपवता येईना. पण फ्रँकचं काय? घरी त्यांनी नेत्राला सांगितलं. स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता नेत्रा म्हणाली, आई, सहाशे वर्षांपूर्वीची बाई आहे, इतकं काय टेन्शन घेतेस? मग आईचा चेहरा बघून तिनं सुरी खाली ठेवली. शरयूताई म्हणाल्या, "अगं, त्या माणसानं सहा वर्षं तिचं सुतक धरलंय. त्याला कसं सांगू की तू चुकलास?" नेत्रानं थोडा विचार केला आणि म्हणाली, आधी त्यांना एकट्याला सांग, सगळ्यांसमोर नको.

पुढच्या शुक्रवारी शरयूताई अर्धा तास लवकर गेल्या. फ्रँक नेहमीप्रमाणे त्याहून आधी येऊन बसले होते. शरयूताईंनी दोन्ही पानं शेजारी शेजारी उघडली, आपला अक्षरांचा कागद मधे ठेवला आणि सुरुवातीपासून समजावलं. शेपटी, काड्या, नऊ दिवस. फ्रँकनी एकदाही अडवलं नाही. सगळं झाल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक पडद्याला टेकेल इतकं पुढं वाकून स्वतः पाहिलं, मग खुर्चीत मागं टेकले. त्यांचे कान लाल झाले होते.

"दाखवा पुन्हा," एवढंच ते म्हणाले. शरयूताईंनी पुन्हा दाखवलं.

त्या दिवशी फ्रँक गटात फारसं बोलले नाहीत आणि दुपारी लवकर निघून गेले. शरयूताई बसनं घरी आल्या. आठवडाभर त्यांना धड जेवण गेलं नाही. काय गरज होती, असं दहा वेळा वाटलं आणि दहाही वेळा वाटलं, की जे लिहिलंय ते लिहिलंय, आपण कोण ते झाकणार.

पुढच्या शुक्रवारी फ्रँक आले ते हातात एक जुनं पाकीट घेऊन. ते त्यांनी शरयूताईंसमोर ठेवलं. पाकिटावर फिकट जांभळ्या शाईचा शिक्का होता.

"आमच्याकडं परत जाणाऱ्या पत्रांसाठी शिक्के होते," फ्रँक म्हणाले. "एक, पत्र घेणारा वारला. एक, हा, पत्ता न ठेवता निघून गेला. अडतीस वर्षांत मी ते दोन शिक्के एकदाही अदलाबदल केले नाहीत. निवृत्त झालो आणि ही एक चूक केली."

माझ्याही बऱ्याच चुका झाल्यात, असं काहीसं शरयूताई पुटपुटल्या. फ्रँकनी मान हलवली. म्हणाले, आठवडाभर मला वाईट वाटलं ते चूक झाल्याचं नाही. सहा वर्षांपूर्वी मी तिला मारून टाकली आणि तिचा शोधच थांबवला, याचं वाटलं. मेलेल्याला कोण शोधतो? मग स्वतःच हसू लागले. "आणि मेणबत्त्यांचं म्हणाल, तर त्या काही वाया नाही गेल्या. एव्हाना तरी ती गेलेली असणारच."

तेवढ्यात आत आलेल्या डॉ. रूथना दोघांना एवढं हसायला काय झालं ते कळेना. त्यांना सगळं सांगितल्यावर त्या खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी दोन तास बाकीचं काम बंद ठेवलं. दोन्ही पानं त्यांनी स्वतः वाचली, आणखी एका जाणकाराला फोटो पाठवले. पंधरा दिवसांनी त्याचं उत्तर आलं, बरोबर आहे म्हणून. वही छापली जाईल तेव्हा त्या पानाखालच्या टिपेत शरयूताईंचं नाव येणार होतं. शरयूताईंनी सांगितलं, दोन नावं घाला. फ्रँकनी ते पान आधी वाचलं नसतं तर जोनकडं मी दुसऱ्यांदा पाहिलंच नसतं. रूथनी दोन्ही नावं घातली.

फ्रँकनी आपल्या चर्चच्या पत्रिकेत दुरुस्ती दिली, पण त्यांचं तेवढ्यानं समाधान होईना. एप्रिलमध्ये त्यांनी शरयूताईंना आपल्या चर्चच्या सभागृहात बोलायला बोलावलं. ज्येष्ठ मंडळींची सकाळची सभा असते, कॉफी आणि सफरचंदाचा गोड पाय असतो, वीस मिनिटं बोला, असं म्हणाले. शरयूताई घाबरल्या. इंग्रजीत, तेही अमेरिकनांसमोर. आन्यानं त्यांची तालीम घेतली आणि प्रत्येक उच्चार गुरुजींसारखा सुधारला. नेत्रानं त्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा टाकली. शरयूताईंनी इरकली साडी नेसली, वरून कार्डिगन घातलं, आणि दोघी गेल्या.

सभागृहात तीसेक माणसं होती. शरयूताई सुरुवातीला कागदात बघून बोलल्या. पण शेणावरून घसरणारे खांदेकरी आले आणि पुढच्या रांगेतला एक म्हातारा असा खदखदून हसला, की त्यांनी कागद बाजूला ठेवला. मग छपराचं भांडण आलं, झोपणारा घंटावाला आला, पुटपुटणारे पाद्रीबुवा आले. तिथले हल्लीचे पाद्रीबुवा मागं उभे होते, त्यांच्याकडं सगळ्यांनी वळून पाहिलं. मग जोन आली. शरयूताईंनी तिला हॅदरविकमधून चालत चालत लिटल ऑर्मबीपर्यंत आणली, सुताराच्या घरात नेली, आणि मूल जिवंत आहे इथं थांबल्या. मागच्या भिंतीशी बसलेली नेत्रा आईकडं टक लावून बघत होती. आपली आई रोज ऑफिसात काय करायची, हे तिला लहानपणी कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

टाळ्या झाल्यावर एका अगदी थकलेल्या बाईंनी हात वर केला. त्यांनी विचारलं, मग पुढं त्या सुईणीचं काय झालं?

"माहीत नाही," शरयूताई म्हणाल्या. "पुढच्या गावात ती नाही. वही चौदा पानांनंतर संपते. पण ती शेवटची दिसते तेव्हा तिच्या हाताला काम होतं, एवढं नक्की लिहिलंय."

बाईंनी समाधानानं मान हलवली. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, की त्यांची स्वतःची आजी डोंगरातल्या गावात सुईण होती, खेचरावर बसून जायची, आणि तिनं एका वहीत जन्मलेल्या मुलांची नावं लिहून ठेवली होती. वही अजून घरी ट्रंकेत आहे, पण अक्षर असं गिचमिड, की घरात कुणालाच लागत नाही. शरयूताईंनी पायची बशी खाली ठेवली आणि विचारलं, तुम्ही राहता कुठं. फ्रँक खिशातून पेन काढून पत्ता लिहून घेऊ लागले. नेत्रानं घड्याळ पाहिलं, ऑफिसात फोन करून उरलेली रजाही टाकली, आणि स्वतःसाठी कॉफी घेऊन आईशेजारी येऊन बसली.